एकसष्ट नंबरचं झाड

१

एकसष्ट नंबरचं झाड चोरीला गेलं, आणि तरीही डोंगरावरचं एकही झाड कमी झालं नव्हतं.

हे उघडकीला आलं सकाळी साडेआठला. त्या दिवशी डोंगरावरच्या वनकेंद्रात वरच्या कार्यालयातून एक तपासनीस साहेब आले होते. वनकेंद्र म्हणजे फार मोठं प्रस्थ नव्हे. पत्र्याच्या तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे रोपवाटिका आणि वह्यांनी भरलेलं एक लोखंडी कपाट. त्या वह्या बावीस वर्षांच्या होत्या. जंगलातल्या दोनशे दहा झाडांना नंबराचे बिल्ले ठोकलेले होते, आणि दर महिन्याला एक माणूस प्रत्येक झाडापाशी जाऊन लिहायचा, पालवी किती, फूल किती, फळ किती. शाळेत मुलांची घेतात तशी ही झाडांची हजेरी. म्हणून त्या माणसाला सगळे हजेरीकाका म्हणत.

डोंगराचा हा भाग राखीव ठेवायचा की खडीसाठी फोडायला द्यायचा, हे त्या वह्यांवर ठरणार होतं. वह्या खऱ्या निघाल्या तर डोंगर वाचणार होता. साहेब तेवढंच बघायला आले होते.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण काटेकोर होता. त्यांनी वहीतून मनाला येतील ते पाच नंबर निवडले आणि झाडं बघायला निघाले. चार झाडं वहीशी तंतोतंत जुळली. पाचवा नंबर एकसष्ट. वहीत लिहिलं होतं: तांबडफळ, बावीस वर्षांत बावीस वेळा फळ. बिल्ला पायवाटेच्या कडेलाच मिळाला. साहेबांनी वर पाहिलं. फुलांचे लांब तुरे लोंबत होते. त्यांनी फांदी हलवली तशी पिवळी भुकटी त्यांच्या खांद्यावर सांडली.

"हे नर झाड आहे," साहेब म्हणाले. "याला फळ कसं येईल?"

पपईची झाडं ज्यांनी लावली आहेत त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. पपईत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराला फुलं येतात, पराग येतो, पण फळ धरत नाही. तांबडफळाचंही तसंच असतं. म्हणजे ज्या झाडाला कधी फळ येणंच शक्य नाही, त्याच्यापुढे कोणीतरी बावीस वर्षं 'फळ' असं लिहीत आलं होतं.

हजेरीकाका काठी टेकत मागून आले. चार महिन्यांपूर्वी घळीत पडून त्यांच्या गुडघ्याचं हाड मोडलं होतं, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर आज ते पहिल्यांदाच जंगलात शिरत होते. त्यांनी झाडाकडे एक नजर टाकली.

"हे माझं झाड नाही," ते म्हणाले. "माझी एकसष्ट खाली घळीत आहे."

"बिल्ला तर इथे आहे, काका. तो काय चालत वर आला?"

"ते मला माहीत नाही. पण ही ती नाही."

साहेबांनी वही मिटली. "आता तुम्ही मला घळीतलं एखादं मादी झाड दाखवाल, आणि मी ते मानायचं. असं नाही चालत हो. दुपारी चारला माझी गाडी आहे. तोवर याचा उलगडा झाला तर उत्तमच. नाही झाला, तर या वह्या बनावट आहेत असं मला लिहावं लागेल."

२

दर बुधवारी बाई केंद्रात यायच्या. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. आता वय एकोणऐंशी. केंद्रातल्या कपाटातलं एक पुस्तक परत द्यायचं आणि दुसरं न्यायचं, एवढंच त्यांचं काम. पण डोंगरावरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या आल्या की केंद्रात सगळे ताठ बसत.

हजेरीकाका व्हरांड्यात बसले होते.

"रडतोयस का रे?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

"मग चष्मा किती वेळा पुसशील? काच झिजेल. काय झालं ते पहिल्यापासून सांग, आणि मधलं काही गाळू नकोस."

काकांनी सांगितलं. बाईंनी पुस्तक पिशवीत परत टाकलं आणि त्या काकांना आणि साहेबांना घेऊन पायवाटेने निघाल्या. वाट सपाट होती, केंद्रापासून पाचच मिनिटांची.

झाडापाशी त्यांनी आधी बिल्ला पाहिला. तो खिळ्यावर सैल होता. झाडाचं खोड जाड होत जातं, म्हणून खिळा पूर्ण ठोकत नाहीत. बाईंनी बोटाने बिल्ला बाजूला फिरवला. खाली सालीवर राखाडी-हिरवी खपली होती, टवटवीत.

"याला पुस्तकात शैवाक म्हणतात," बाई म्हणाल्या. "आता साठ नंबरचा बिल्ला फिरवून बघा."

साहेबांनी शेजारच्या झाडाचा बिल्ला फिरवला. खाली साल कोरी होती, बिल्ल्याच्याच आकाराचा चौकोन.

"तिथे बावीस वर्षं ऊन पोचलेलं नाही, म्हणून शैवाक उरलेलं नाही. इथे ते अजून जिवंत आहे. म्हणजे हा बिल्ला इथे येऊन फार तर महिना-दीड महिना झालाय. त्या वेळी हा काठी घेऊन अंगणसुद्धा ओलांडत नव्हता."

साहेबांनी मान डोलवली. "बिल्ला हलवलाय, हे मान्य. पण बाई, एक हलवला तर दहा हलवले नसतील कशावरून? हे कोणी आणि कशासाठी केलं ते कळल्याशिवाय मी उरलेल्या दोनशे नऊ झाडांवर तरी विश्वास कसा ठेवू?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. चूक नसेल तिथे वाद घालायचा नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

झाडाच्या बुंध्याशी दोन सपाट दगड एकावर एक रचलेले होते. साहेब दमून त्यावर टेकले. बैठक इतकी उंच होती की त्यांचे बूट जमिनीला लागेनात. "आणि बिल्ला ठोकलाय तोही किती खाली," ते म्हणाले. "बाकीचे माझ्या डोक्याशी आहेत. हा बसल्या बसल्या माझ्या नाकासमोर आलाय."

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाकून त्यांनी जमिनीवरून काही उचललं. पाचोळ्यात मागच्या हंगामातल्या तांबडफळाच्या बिया पडल्या होत्या, वाळलेल्या, आणि त्यांच्याबरोबर चघळून टाकल्यासारखा चोथा. बाईंनी दहा-बारा बिया निवडून रुमालात बांधल्या. "किती स्वच्छ आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"बाई," हजेरीकाका मध्येच बोलले, "उगाच दगड-बिया बघत बसू नका. हे कोणी केलं ते मला माहीत आहे." आणि त्यांनी काठी उचलून रोपवाटिकेकडे रोखली.

३

रोपवाटिकेत माळीबुवा होते. हजेरीकाका आणि माळीबुवा शाळेत एका बाकावर बसत. पुढे दोघं एकाच केंद्रात लागले, आणि गेली अकरा वर्षं ते एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते.

भांडण एकसष्ट नंबरवरूनच झालं होतं. माळीबुवा त्या झाडाखालून रोपांसाठी बिया नेत. काकांना खाली पडलेली फळंही मोजायची असत. एक दिवस काका सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या झाडाखाली चोर फिरतो." बुवांनी तिथल्या तिथे पाटी खाली ठेवली आणि सांगितलं की परत त्या घळीत पाय ठेवणार नाही. तेव्हापासून दोघं एकाच टेबलावर जेवत आणि मिठाची वाटीसुद्धा तिसऱ्याकरवी मागत.

"म्हणजे त्याने सूड उगवला, असं तुझं म्हणणं," बाई म्हणाल्या.

"दुसरं काय? डोंगरावर नर-मादी त्याच्याइतकं कोणाला कळतं? मुद्दाम नर शोधून ठोकलाय."

"असेलही. पण मी आधी इतरांना भेटते. एकच उत्तर लिहून पेपर देऊन टाकायचा नसतो."

मधल्या खोलीत ताई होत्या. ताई म्हणजे केंद्रातल्या तरुण संशोधक. काका अंथरुणाला खिळल्यावर हजेरी त्यांच्याकडे आली होती. बाई समोर बसल्या तशा ताई कागदांचा गठ्ठा उगाचच सरळ करू लागल्या.

"चार महिने हजेरी तू घेतलीस. एकसष्टचा बिल्ला पायवाटेवर आलेला तुला दिसला असेल."

"दिसला."

"मग तू कोणाला बोलली नाहीस?"

ताईंनी वही बाईंपुढे सरकवली. "पहिले तीन महिने मी घळीत उतरलेच नाही, बाई. काका तिथेच पडले होते. दोनदा कडेपर्यंत गेले आणि परत आले. मागच्या वर्षीच्या वहीत बघून लिहिलं. पान पूर्ण, फूल नाही. चौथ्या महिन्यात बिल्ला वाटेवर दिसला तेव्हा वाटलं, अरे, झाड इथेच होतं, मीच चुकीचं समजत होते. इतकं बरं वाटलं की पुढे विचारच केला नाही. मागच्या आठवड्यात नराचे तुरे आले तेव्हा कळलं, हे ते झाड नव्हेच."

"आणि आज सकाळी?"

"आज बोलले असते तर ते तीन महिनेही सांगावे लागले असते." त्यांनी वही मिटली. "माझ्यामुळे काकांच्या बावीस वर्षांवर पाणी पडणार का, बाई?"

"ते चारपर्यंत ठरेल. तोवर डोळे पूस आणि मला एक सांग. काका जेवायला बसतात त्या खुर्चीच्या पायांखाली विटा कोणी ठेवल्या? येताना मी पाहिल्या."

ताईंना हा प्रश्न अगदीच अनपेक्षित होता. "विटा? काकूंनी ठेवल्या असतील."

४

काकू, म्हणजे हजेरीकाकांच्या पत्नी, केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळत. त्या बटाटे सोलत होत्या आणि बोलण्यासाठी त्यांना कोणी विचारण्याची गरज नव्हती.

"मी केलं असतं तर बिल्ला कशाला हलवला असता? आख्खं कपाटच घळीत ढकललं असतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी बजावलंय, उतार उतरायचा नाही, खाली बसायचं नाही, गुडघा फार दुमडायचा नाही. आणि हे काय म्हणतात ठाऊक आहे? पुढच्या महिन्यात एकसष्टला जाणार. बायकोच्या वाढदिवसाला कधी वेळेवर आले नाहीत, पण त्या झाडाची एक हजेरी चुकली नाही."

"तिला जाऊन भेटलीस का कधी?"

"मी कशाला जाऊ सवतीला भेटायला? मला बाई सगळी झाडं सारखीच दिसतात. हिरवी असतात आणि यांना घरी येऊ देत नाहीत."

बाई हसल्या. मग त्यांनी टेबलाशी असलेल्या काकांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. चारही पायांखाली एकेक वीट होती. "ही युक्ती छान केलीस. उंच बसलं की गुडघ्याला त्रास नाही."

"मी नाही केली," काकू म्हणाल्या. "हे दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर विटा. मला वाटलं, ताईंनी ठेवल्या."

बाईंनी वाकून एका विटेवरून बोट फिरवलं. विटेच्या एका अंगाला काळी, भुसभुशीत माती वाळून चिकटली होती. अंगणातली माती तांबडी होती.

घड्याळात सव्वाबारा झाले होते.

५

"या, बाई," माळीबुवा म्हणाले. "मला अटक करायला आलात ना?"

"आधी बसायला दे. अटक उभ्याने होत नाही."

बुवांनी त्यांच्यासाठी पालथी बादली पुढे केली आणि पुन्हा कामाला लागले. ते कलमं बांधत होते. फांदीला तिरका काप द्यायचा, त्यात दुसऱ्या झाडाची काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची आणि वरून डब्यातलं मेण बोटाने लिंपायचं, म्हणजे जखमेत पाणी शिरत नाही. मेणात राळ मिसळलेली होती. साऱ्या पडवीत तिचा वास भरला होता.

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. रोपांचे वाफे विटांच्या कडेने आखलेले होते. कोपऱ्यातल्या वाफ्याच्या कडेला चार विटांची जागा मोकळी होती, पडलेल्या दातांसारखी, आणि तिथून काळी माती थोडी बाहेर ओघळली होती. पलीकडे तांबडफळाची रोपं होती, वीतभर उंच. प्रत्येक ओळीपुढे लाकडी पट्टी, तिच्यावर बुवांचं टपोरं अक्षर: 'तांबडफळ. आई: पायवाटेवरची.'

"अक्षर अजून सुंदर आहे तुझं," बाई म्हणाल्या.

"छड्या खाऊन झालंय."

"मी कधी छडी मारली नाही."

"ते गणिताच्या मास्तरांनी."

"नर-मादी कशी ओळखायची ते आठवतंय?"

"फूल आलं की दिसतं. फूल नसताना ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

"आणि ती फुलतात तेव्हा तू बघायला जातोस?"

"कसा जाणार? हेच तर कलमांचे दिवस. बघताय ना, मान वर करायला उसंत नाही. मी जातो बियांच्या दिवसांत. ज्या झाडाखाली बी पडलेलं, ती आई. सोपा हिशेब."

बाईंनी रुमाल सोडला आणि बिया त्यांच्यासमोर धरल्या. बुवांनी एक उचलली, बोटांत फिरवली. "चांगल्या आहेत. नेहमी तिथून अशाच मिळतात. साफ करायची गरज लागत नाही."

"कधी विचार केलास, का लागत नाही?"

बुवांचा मेणाने माखलेला हात तसाच थांबला.

बाई उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "तू त्याच्याशी का बोलत नाहीस रे?"

"त्याने आधी बोलावं. तो मला चोर म्हणालाय, मी त्याला नाही."

६

दुपारी दीडला साहेब आणि ताई घळीत उतरले. बाईंनीच दोघांना पाठवलं. साहेबांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून. आणि ताईंना का, हे ताईंना न सांगता कळलं. कडेपाशी त्या क्षणभर थबकल्या, मग साहेबांच्या आधी उतरल्या.

तासाभराने दोघं वर आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. साहेबांचा कोट ताईंच्या हातात होता.

"काका म्हणाले तिथेच एक तांबडफळ आहे," साहेब म्हणाले. "मादी आहे. बारीक फळं धरायला लागलीत. खाली मागच्या वर्षीचा सडा आहे, बिया, देठ, किडकी फळं, वाळून गेलेली कोवळी फळं, सगळंच."

"आणि खोडावर?"

साहेबांनी पानाची पुडी उघडली. आत तपकिरी रंगाचा, नखाएवढा गोळा होता. "डोक्याएवढ्या उंचीवर सालीत बिल्ल्याएवढा कोरा चौकोन आहे. त्याच्या मधोमध खिळ्याचं भोक, पण ते कोणीतरी याने बुजवलंय. खिळा उपटून नुसतं निघून गेला नाही तो माणूस. जखम लिंपून गेलाय. हे असं कोण करतं?"

बाईंनी पुडी नाकाशी धरली. राळेचा वास आला.

"सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलवा," त्या म्हणाल्या.

वाचणाऱ्याला हवं असेल तर त्याने इथे क्षणभर थांबावं. बाईंना जे दिसलं ते सगळं त्यालाही दिसलेलं आहे.

७

तीन वाजता सगळे टेबलाभोवती बसले. काका विटांवरच्या खुर्चीत, माळीबुवा थेट दुसऱ्या टोकाला. मधे काकू, ताई, साहेब. बाई उभ्याच राहिल्या. उभं राहिल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे.

"ज्याने बिल्ला हलवला त्याला काय हवं होतं, तिथून सुरुवात करू," त्या म्हणाल्या. "त्याला वह्या बुडवायच्या असत्या तर त्याने बिल्ला घळीत फेकून दिला असता. त्याने तसं केलं नाही. तो बिल्ला त्याने त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावर लावला, सपाट वाटेवर. तिथे दोन दगड रचले. साहेब, तुमचे पाय का लोंबकळले? कारण ती बैठक तुमच्यासाठी नव्हतीच. ज्याला गुडघा दुमडायचा नाही अशा माणसासाठी होती. आणि बिल्ला कुठे होता? बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. बसूनच नंबर वाचायचा, बसूनच लिहायचं."

काका खुर्चीत जरा हलले.

"म्हणजे हे सुडाचं काम नाही. काळजीचं आहे. मग मला वाटलं, काकू."

"मी?" काकू म्हणाल्या.

"पण तुला दोन झाडांतला फरक कळत नाही, आणि वह्या वाचल्या काय, बुडाल्या काय, तुला सुखदुःख नाही. हे करणाऱ्याला गुडघाही वाचवायचा होता आणि वहीसुद्धा. त्याने जात बरोबर निवडली. पण झाड नर निवडलं. ज्याला झाडं कळतात त्याच्याकडून एवढी मोठी चूक कशी झाली?"

बाईंनी रुमाल टेबलावर सोडला.

"या नर झाडाखाली बिया आहेत. कशा? वटवाघळांमुळे. वटवाघूळ घळीतल्या झाडावरून फळ तोडतं आणि निवांत बसून खायला दुसऱ्या झाडावर नेतं. रस चोखून घेतं, चोथा आणि बी खाली टाकतं. म्हणून इथे नुसत्या स्वच्छ बिया मिळतात. देठ नाही, किडकं फळ नाही, गळून पडलेलं कोवळं फळ नाही. आईच्या पायाशी हा सगळा पसारा असायला हवा, जसा साहेबांनी घळीत पाहिला. ही नुसती जेवायची जागा. पण जो माणूस अकरा वर्षं फुलांच्या दिवसांत फिरकलाच नाही, फक्त बियांच्या दिवसांत आला आणि खाली वाकून बी वेचत राहिला, त्याने हिला आई मानलं. पट्टीवर तसं लिहूनही ठेवलं. साऱ्या डोंगरावर ही चूक करू शकेल असा एकच माणूस आहे. वाफ्याच्या कडेच्या चार विटा त्यानेच इथे आणल्या, आणि खिळ्याची जखम कलमाच्या मेणाने बुजवल्याशिवाय त्याला पुढे जाववलं नाही."

माळीबुवा टेबलाच्या लाकडाकडे बघत होते.

"दोघी एकाच जातीच्या," शेवटी ते म्हणाले. "मला वाटलं, हिचं फळ मोजलं काय, तिचं मोजलं काय. याला वाटेल, कार्यालयाने बदललं. मुकाट्याने इथे बसून लिहील."

"झाड बदललं की वही तुटते, एवढं कळत नाही?" काका म्हणाले. अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य होतं, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"कळतं. पण वही तुटलेली चालेल असं वाटलं. त्या दिवशी घळीतून तुझी हाक आली तेव्हा मी वर होतो. तुला पाठीवर घेऊन वर आलो. तू शुद्धीवर नव्हतास. मान अशी लोंबत होती, मला वाटलं..." बुवांनी हाताने काहीतरी दाखवलं आणि हात खाली घेतला. "परत तसं वर आणायची माझ्यात ताकद नाही."

"मला लाकूडतोड्यांनी आणलं म्हणाले."

"वाटेवर त्यांच्या हवाली केलं. तू डोळे उघडून मला बघितलं असतंस तर परत घळीत उडी मारली असतीस."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदराने उगाचच टेबल पुसलं.

ताई उठल्या. त्यांनी आपली वही साहेबांपुढे ठेवली आणि तीन महिन्यांच्या नोंदी बघितल्याशिवाय लिहिल्या आहेत, हे कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं. "त्या खोडते," त्या म्हणाल्या. "तिथे काय लिहू, बाई?"

"काही लिहू नकोस. बघितलं नाही, तर जागा रिकामी ठेवायची. रिकाम्या जागेने वही खोटी होत नाही."

साहेब बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. "काका," ते म्हणाले, "वाटेवरचं झाड बघताक्षणी तुम्ही म्हणालात, ही ती नाही. चार महिने झाड पाहिलेलं नव्हतं. मग कशावरून ओळखलंत?"

काकांना प्रश्नच कळेना. "म्हणजे? बावीस वर्षं बघितलेला चेहरा आहे तो."

साहेबांनी पेन काढलं. वह्या अस्सल, एका झाडाच्या चार नोंदी गाळाव्यात, बिल्ला मूळ जागी परत लावावा. मग थोडं थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. घळीतल्या झाडाची हजेरी सध्याच्या निरीक्षकाने घेऊ नये, वैद्यकीय कारणास्तव.

"मग कोण घेणार?" काकांचा आवाज चढला. "ताईंना बाकीची दोनशे नऊ आहेत. तिला अशीच सोडायची?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. हे ठरवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. चारच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती, आणि टेबलाच्या दोन्ही टोकांना दोन म्हातारे एकमेकांकडे न बघता बसले होते.

८

दोन महिन्यांनी पत्र आलं. डोंगर राखीव राहिला. ताईंनी पत्र मोठ्याने वाचलं, आणि काकूंनी ते वह्यांच्या कपाटाला आतून चिकटवून टाकलं.

पण त्याच्या आधी, पुढच्याच हजेरीला, सकाळी नवाच्या सुमाराला, हजेरीकाका घळीच्या कडेला वही घेऊन उभे होते. खालून झुडपं मोडल्याचा आवाज येत होता.

"पोचलास का?" काकांनी हाक दिली.

"बिल्ला लावला," खालून बुवांचा आवाज आला. "तुझ्या डोक्याच्या उंचीवर. बुटक्या माणसाला हात वर करून ठोकावा लागतो, पण तुला त्याचं काय?"

"फळं मोज."

खाली फांद्या हलल्या. मग, "दोनशे चाळीसच्या आसपास."

"आसपास म्हणजे काय? आसपास वहीत लिहीत नाहीत. फांदीफांदीने मोज. उत्तरेकडून सुरू कर."

"तुला मोजायचंय तर तू ये ना खाली."

"येऊ देतात का मला?"

काकांनी कान देऊन ऐकलं. बुवा पुटपुटत मोजत होते. मधेच चुकले, स्वतःलाच शिवी दिली आणि पहिल्यापासून सुरू केलं. काका काठीवर रेलून उभे राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कसलीच घाई नव्हती.

"दोनशे सत्तावन्न," अखेर आवाज आला. "आणि सहा किडकी. पटत नसेल तर साहेबांना बोलाव."

काकांनी लिहिलं, दोनशे सत्तावन्न, किडकी सहा. निरीक्षकाच्या रकान्यात बावीस वर्षं त्यांचीच सही होती. ती त्यांनी आजही केली, पण डावीकडे सरकून, थोडी बारीक, म्हणजे शेजारी आणखी एक मावेल.

मग ते कडेपर्यंत गेले आणि खाली वाकून म्हणाले, "येताना ओढ्यापाशी जपून. डावीकडचा दगड हलतो. मी त्याच्यावरूनच घसरलो होतो."

"उजवीकडून येतो," खालून उत्तर आलं. "तू कडेपासून मागे हो आधी."

काका एक पाऊल मागे झाले.

"झालास का?"

"झालो रे," काका म्हणाले. "ये वर. सही करायची आहे तुला."